आता एक नवं म्हणतो

पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात त्यांचा कार्यक्रम होता. मध्यंतराला अजून पंधरा-वीस मिनिटं असतील. त्यांनी पेटीवरचा हात काढला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "आता एक नवं म्हणतो. नव्या अल्बममधलं आहे." टाळ्या पडल्या, पण आधीच्या गाण्यांना पडलेल्या टाळ्या आणि या टाळ्या यांत फरक होता. त्या ओळखीच्या होत्या, या रीतीच्या. आणि मग माझ्या पुढच्या रांगांमधून माणसं उठायला लागली. गुडघे तिरके करत, पिशव्या सांभाळत, "जरा, जरा" म्हणत. वड्याच्या रांगेत आधी नंबर लागावा म्हणून. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "जुनं होऊ द्या!" सभागृह हसलं. तेही हसले, मान हलवली आणि नवंच म्हणाले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या संध्याकाळी जे झालं ते त्यांच्या नावाला चिकटायला नको. स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात, स्वतः गातात, आणि हे गेली तीस-एक वर्षं करत आलेत, एवढं पुरे.

गाणं एका जिन्याचं होतं. लिफ्ट नसलेली चार मजली इमारत. वरच्या मजल्यावर राहणारा माणूस दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबतो, आणि आजवर धावत चढताना कधी न वाचलेल्या दारांवरच्या पाट्या पहिल्यांदा वाचतो. एका पाटीवर नाव आहे, तो माणूस आता नाही. दुसरीवर दोन आडनावं आहेत, आणि आतून एकाच माणसाच्या खोकल्याचा आवाज येतो. अंतऱ्याच्या शेवटी, मुखड्यावर परत यायच्या आधी, त्यांनी थोडी जागा रिकामी सोडली होती. तिथे पेटी नाही, शब्द नाही, नुसता तबला. पहिल्या अंतऱ्याला मला वाटलं, श्वास कमी पडला. दुसऱ्या अंतऱ्याला तीच जागा तशीच रिकामी आली तेव्हा कळलं, चालच तशी बांधलीय. तो माणूस तिथे कठड्याला धरून उभा आहे. त्यांच्या अगदी पहिल्या कॅसेटमध्येही एक जिना आहे. त्यातला मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत वर जातो आणि चालही तशीच, श्वास घ्यायला उसंत न देणारी. बाल्कनीतल्या माणसाला बहुधा तेच गाणं हवं होतं. तो जिना आणि हा जिना एकाच माणसाने लिहिलेत, आणि मधल्या काळात त्या माणसाचं काय काय झालं, हे कळायला दोन्ही गाणी लागतात. एकट्या पहिल्यावर ते कळत नाही.

मलाही जुनं हवं असतं. का नको? त्या गाण्यांवर माझं कॉलेज झालं, लग्न ठरलं, बँकेतली पहिली बदली झाली. पण ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत आणि ही दहा-बारा वर्षं फार कामाची आहेत, हे मला हळूहळू कळत गेलं. माझी मुलगी रांगत होती तेव्हा त्यांचा एक अल्बम आला, त्यात शिकायला परगावी गेलेल्या मुलीच्या खोलीवर एक गाणं होतं. मला ते तेव्हा ओढून-ताणून केल्यासारखं वाटलं. कॅसेट लावायचे, पण ते गाणं मन लावून ऐकत नसे. पुढे मुलगी बंगळूरला गेली आणि एका रविवारी तिचं कपाट आवरताना ते गाणं माझ्या तोंडात आलं, सगळे शब्द, एकही न अडखळता. मी ते कधी पाठ केलं होतं? ते तिथे येऊन थांबलं होतं, माझी वाट बघत. दुसऱ्याचे शब्द गाणाऱ्या गायकाकडून मला सूर मिळतात, आनंद मिळतो, तो थोडाथोडका नाही. पण स्वतःचं लिहून गाणारा माणूस पुढच्या वळणावरून निरोप धाडत असतो. त्याच्या नव्या अल्बमची वाट बघणं म्हणजे पुढे रस्ता कसा आहे ते विचारणं.

म्हणून ती उठून गेलेली माणसं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्याकडे गाणं बहुतेक वेळा तिघांचं. कवी एक, संगीतकार दुसरा, गाणारा तिसरा. कधी संगीतकारच गाणारा, जसे बाबूजी. गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ला, पुणे आकाशवाणीवरून, आणि मग वर्षभर दर शुक्रवारी सकाळी एक नवं गाणं, अशी ५६. आई तेव्हा पुण्यात शाळकरी मुलगी होती. ती सांगायची, वाड्यात रेडिओ एकाच घरी, त्यांच्या ओसरीवर सगळे जमायचे, आणि तिच्या मोठ्या बहिणीकडे वही-पेन्सिल दिलेली असायची. गाणं सुरू झालं की तिने शब्द उतरवून घ्यायचे. सुटलेले शब्द शनिवारी-रविवारी पुन्हा लागायचं तेव्हा भरायचे. मला नेहमी आश्चर्य वाटतं ते याचं की रामायणाची गोष्ट त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला पाठ होती. पुढे काय होणार हे माहीत असूनही शुक्रवारची वाट बघायचे, कारण ते गदिमा कसं सांगणार आणि बाबूजी त्याला काय चाल लावणार हे माहीत नव्हतं. त्या ओसरीवर "जुनं लावा" असं कुणी म्हणालं नसणार.

आणि स्वतःचं स्वतः लिहून गाणारेही आपल्याला नवे नाहीत. गिटार घेतलेला मुलगा दिसला की आपल्याला ते बाहेरून आल्यासारखं वाटतं, पण याच मुंबईत गिरणगावात अण्णाभाऊ साठे स्वतःची छक्कड स्वतः म्हणत उभे राहिले. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर लिहिलं आणि गावोगाव फिरून गायलं. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या स्टॉलवर एकदा मी उभी होते. मराठवाड्यातून आलेली एक बाई, डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी, पायाला धूळ, स्टॉलवाल्याला विचारत होती, "वामनदादाचं हाय का? आन् औंदा नवीन काय आलंय?" एका दमात. तिला दोन्ही हवं होतं, आणि एक मागताना दुसरं बाजूला सारायची तिला गरज वाटत नव्हती. तिने दोन्ही घेतलं, पैसे रुमालाच्या गाठीतून काढून दिले आणि गर्दीत गेली. ऐकणाऱ्याने कसं असावं याचं माझ्यापुरतं चित्र ते आहे.

आमची वाट बघण्याची जागा म्हणजे दादर पश्चिमेचं एक कॅसेटचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची फळी. नवी कॅसेट कधी असं विचारलं की "पुढच्या आठवड्यात" हे दुकानदाराचं ठरलेलं उत्तर. मग एक दिवस ती यायची. सेलोफेन नखाने फाडायचं, डबी उघडताना तो खट् असा आवाज, आतल्या घडीच्या कागदाला येणारा शाईचा उग्र वास. त्या कागदावर गाण्यांचे शब्द इतक्या बारीक टाइपात छापलेले की लोकलमध्ये उभ्याने वाचता यायचे नाहीत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. ए बाजूचं शेवटचं गाणं कोणतं आणि बी बाजू कशाने सुरू होते, याचा गाणाऱ्याने विचार केलेला असायचा. कॅसेट उलटताना मध्ये जी शांतता पडते ती त्याला ठाऊक असायची. आणि न आवडलेलं गाणं ओलांडणं जिकिरीचं होतं. पुढे पळवायची, थांबवायची, थोडी मागे घ्यायची, तोवर पुढच्या गाण्याचा मुखडा निघून गेलेला. त्यापेक्षा ऐकलेलं परवडलं. असं चार-पाच वेळा ऐकल्यावर नेमकं तेच गाणं अंगात भिनायचं. नव्या गाण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आम्ही देत होतो कारण यंत्रच तसं होतं. आता अंगठ्याच्या एका हालचालीत गाणं जातं. पहिल्या दहा सेकंदांत ज्याने धरलं नाही ते गेलं. यात ऐकणाऱ्यांचा सगळाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण जिन्याचं ते गाणं दहा सेकंदांत धरणारं नाही. त्याची रिकामी जागा कळायला दुसरा अंतरा यावा लागतो.

बँकेत फोर्टला आले आणि काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान जेवणाच्या सुट्टीत गाठता यायला लागलं. २०१६मध्ये ते बंद झालं, त्याबद्दल पुष्कळांनी लिहून झालंय. मला तिथली एकच गोष्ट सांगायची आहे. २००१च्या अखेरीस तिथे मी लिओनार्ड कोहेनचा, स्वतःचं लिहून गाणाऱ्या त्या कॅनडाच्या गायकाचा, नवा अल्बम घेतला. माझं इंग्रजी गाण्याशी फार सख्य नाही. कोहेन मला एका सहकाऱ्याने ऐकवला होता, आणि त्याचा तो खोल, जवळजवळ बोलण्यासारखा आवाज ऐकून मला आपल्या कीर्तनकारांच्या निरूपणाची आठवण झाली होती. १९९२नंतर त्याने नव्या गाण्यांचा अल्बम काढला नव्हता. नऊ वर्षं. एवढी वर्षं लोक वाट बघत राहिले, आणि तो गाणं सोडून कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर झेन मठात जाऊन राहिला होता. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की १९९९च्या सुरुवातीला मठ सोडून तो मुंबईला आला होता. वॉर्डन रोडजवळच्या गामाडिया रोडवर रमेश बाळसेकर राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. रोज सकाळी त्यांच्या घरी अद्वैतावर बोलणं चालायचं, तिथे तो केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलातून जाऊन बसायचा. पुढेही तो त्यासाठी पुन्हा पुन्हा मुंबईला आला. बाळसेकर हे निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, महाराजांचं बोलणं जमलेल्या परदेशी लोकांना इंग्रजीत करून सांगायचे. आणि महाराज म्हणजे खेतवाडीच्या गल्लीतले, विडीचं दुकान चालवलेले, मराठीतच बोलणारे. खेतवाडीतल्या महाराजांच्या माळ्यावर मराठीत बोललं गेलेलं काहीतरी, एका निवृत्त बँकवाल्याच्या दिवाणखान्यातून, माँट्रियालच्या या ज्यू गाणाऱ्यापर्यंत पोहोचलं, आणि मग त्याची नवी दहा गाणी आली. मुंबईचा त्या गाण्यांत किती वाटा हे कुणी मोजू शकणार नाही. पण मी त्या काळात बसने, नाहीतर टॅक्सीने, त्याच भागातून जात-येत होते, आणि ज्याच्या नव्या गाण्यांची वाट बघत होते तो पलीकडच्या गल्लीत गप्प बसून ऐकत होता, हे कळल्यावर मला किती तरी दिवस बरं वाटत राहिलं. आपल्याला वाटतं गाणारा थांबलाय. तो थांबलेला नसतो.

त्याच्या हयातीतला शेवटचा अल्बम २१ ऑक्टोबर २०१६ला आला. वय ८२. मणक्याच्या दुखण्याने त्याला उठवत नव्हतं; लॉस एंजेलिसच्या घरी एका खास खुर्चीत बसून तो गायला, समोर माइक लावला होता, आणि ते सगळं त्याच्या मुलाने, ॲडमने, जमवून आणलं. मी दोन आठवडे तो अल्बम ऐकत होते, जाता-येता, नवा अल्बम म्हणून. हे गाणं जास्त चांगलं की ते, यावर सहकाऱ्याशी वाद घालत होते. मग ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि आम्हा बँकवाल्यांना दिवस-रात्र कळेनाशी झाली. ११ तारखेला सकाळी लोकलमध्ये फोन उघडला तर बातमी, कोहेन गेला. ७ तारखेलाच गेला होता, घरच्यांनी उशिरा सांगितलं. शाखेबाहेर रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. चार हजारांपर्यंत नोटा बदलून मिळणार, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. एक आजोबा माझ्या खिडकीशी आले, त्यांच्या नोटा औषधाच्या डब्यात ठेवलेल्या, त्यांना कापराचा वास. नोटा मोजायच्या यंत्राची घरघर दिवसभर थांबली नाही, आणि त्या घरघरीखाली माझ्या डोक्यात त्याचा आवाज चालू होता. रात्री शेवटच्या गाड्यांपैकी एकीत बसून मी सगळा अल्बम पुन्हा ऐकला. गाणी तीच होती, पण ती आता निरोपाची गाणी झाली होती आणि मला वाटलं तरी ती आता दुसरी कशाची ऐकता येणार नव्हती. अल्बम निघाल्यापासून तो जाईपर्यंत सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत ज्यांनी तो ऐकला त्यांनाच तो जिवंत माणसाचा नवा अल्बम म्हणून मिळाला. नंतर येणाऱ्यांना तो कितीही ऐकला तरी तसा मिळणार नाही.

"जुनं होऊ द्या" म्हणणाऱ्या माणसाला मला हे सांगावंसं वाटलं होतं. जुनं आहेच. ते कुठे जात नाही. नवं मात्र थोडेच दिवस नवं असतं.

दीनानाथमध्ये मी आणखी एक लक्ष देऊन ऐकत होते, ते म्हणजे त्यांची पट्टी. पूर्वी काळी दोनमध्ये गायचे, आता त्याहून खालच्या काळी एकमध्ये गातात. जुन्या गाण्यांचे वरचे सूर त्यांना गाठावे लागतात, गळ्याची शीर ताणली जाते, आणि सभागृह त्या ठिकाणी स्वतःच गायला लागतं, त्यांना हात देतं. ते दृश्य मला आवडतं आणि त्रासही देतं. नव्या गाण्यात तसं कुठेच झालं नाही. ते आजच्या गळ्यासाठी लिहिलेलं आहे, खालच्या सुरांत फिरणारं, आणि त्या खालच्या सुरांना आता जी खरखर आलीय ती तिशीत त्यांच्याकडे नव्हती. मला वाटतं, त्या संध्याकाळी ते सर्वांत मोकळे गायले ते त्याच गाण्यात, अर्ध्या रिकाम्या झालेल्या रांगांसमोर.

आता अल्बम शुक्रवारी येणार आहे. २०१५च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारीच येतं. आईला हे सांगायला हवं होतं, तिला गंमत वाटली असती. आजकाल सगळे एकेक गाणं सोडतात, दर महिन्याला एक, मग शेवटी त्या सगळ्यांची मोट बांधून तिला अल्बम म्हणतात. यांनी तसं केलेलं नाही. दहाही गाणी एकदम, आणि क्रम त्यांनी लावलेला. मुलीने फोनवर सांगितलं, "आई, आत्ताच सेव्ह करून ठेव, रात्री बारा वाजता आपोआप येईल." ठेवलंय. पण रात्री बाराला मी ऐकणार नाही.

मला एका गोष्टीची धास्ती आहे. त्यांच्या उजव्या हाताला पहिल्या कार्यक्रमापासून एकच तबलजी बसायचे. कॅसेटच्या घडीच्या कागदावर शब्दांच्या खाली, सगळ्यात बारीक अक्षरांत, त्यांचं नाव असायचं. दोघांचं एकमेकांकडे बघणंही आम्हाला पाठ झालेलं. ते दोन वर्षांपूर्वी गेले. दीनानाथला एक तरुण मुलगा साथीला होता, चांगला वाजवतो, समेवर थोडी घाई करतो. पूर्ण कार्यक्रमात जुन्या साथीदाराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला ते खटकलं नाही, बोलवलं नसेल. पण ज्या माणसाने जिन्यावरच्या पाट्यांवर गाणं केलं तो यावर लिहिल्याशिवाय राहिला असेल का? मला ते गाणं हवं आहे, कारण माझ्याही आजूबाजूची माणसं आता कमी व्हायला लागली आहेत आणि अशा वेळी माणूस पुन्हा कामाला कसा बसतो हे मला कुणाकडून तरी ऐकायचंय. आणि मी त्या गाण्याला भितेही. दहा गाण्यांची नावं जाहीर झालीत. ती पुन्हा पुन्हा वाचली, एकावरूनही काही कळत नाही.

शुक्रवारी सकाळी मुलुंडहून जलद गाडी घेणार नाही. जलद गाडीने सीएसएमटी आली तरी दोन-तीन गाणी शिल्लक राहतील. धीमी घ्यायची, पहिल्यापासून क्रमाने लावायचं, मध्ये कुणाचा फोन घ्यायचा नाही. हिशोब केलाय, मस्जिद बंदर यायच्या आत दहावं संपतं.